एका चिपवर दोन बिऱ्हाडं

बंगळूर सोडून फोंड्याच्या घरी परत आले, तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. "तू दिवसभर खोलीत बसून नेमकं करतेस तरी काय?" शेजारच्या काकू विचारतात, देवळात भेटणारे विचारतात, आणि सगळ्यांत जास्त वेळा बाबा विचारतात. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले. आता नव्या, छोट्या कॉम्प्युटर बोर्डांना पहिल्यांदा सुरू करणं हे माझं काम आहे. बोर्ड कारखान्यातून येतो तेव्हा तो काहीच करत नाही. वीज दिल्यावर तो आधी काय वाचेल, कुठून वाचेल, मग पुढचं कोणाच्या हवाली करेल, हे ठरवावं लागतं. त्यात एक भांडण पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे, कारण ते तुमच्याही घरात, टीव्हीमागच्या खोक्यात आणि भिंतीवरच्या राऊटरमध्ये चालू असतं.

भांडणातले दोन पक्ष असे. पहिला फर्मवेअर. हे उपकरण बनवणाऱ्याने आत ठेवलेलं सॉफ्टवेअर. वीज आली की सर्वात आधी जागं होतं, मेमरी चालू करतं, सगळं जागेवर आहे ना ते बघतं. दुसरा पक्ष ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे लिनक्स, अँड्रॉइड किंवा विंडोज. आपण जे पडद्यावर बघतो ते सगळं तिच्या जिवावर चालतं. ती मालकाला बदलता येते, किंवा यायला हवी.

लॅपटॉपमध्ये या दोघांची घरं वेगळी असतात. फर्मवेअर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये राहतं. ही चिप साधारण १६ किंवा ३२ एमबीची असते. ऑपरेटिंग सिस्टिम राहते हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. म्हणून तुम्ही डिस्क काढून नवी लावा, पूर्ण पुसून टाका, लॅपटॉप तरीही सुरू होतो आणि "डिस्क सापडत नाही" असं निदान सांगतो तरी. स्वस्त, छोट्या बोर्डांवर मात्र ती वेगळी चिप वाचवलेली असते. एकच ईएमएमसी चिप, किंवा एकच मेमरी कार्ड. फर्मवेअर त्यातच आणि ऑपरेटिंग सिस्टिमही त्यातच. एका खोलीत दोन बिऱ्हाडं.

एकत्र राहण्यात वाईट काही नाही. आपल्यातल्या अनेकांचं बालपण अशाच घरांत गेलं. पण कोणती फळी कोणाची हे दोघांनाही माहीत असावं लागतं, आणि घोळ नेमका तिथं आहे.

प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. तो बदलता येत नाही. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की वीज आली की स्टोरेजच्या अमुक जागी जायचं आणि तिथं जे सापडेल ते चालवायचं. ती जागा प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवली. ऑलविनर कंपनीच्या चिप्स सुरुवातीपासून ८ केबी अंतरावर बघतात. रॉकचिपच्या ३२ केबीवर. आयएमएक्स-६ ही चिप अवघ्या १ केबीवर. बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली आलेला बोर्ड 'एमएलओ' नावाची फाईल शोधतो, किंवा काही ठरलेल्या जागा तपासतो. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायने तर फर्मवेअरच्या फाईली सरळ मेमरी कार्डाच्या पहिल्या विभागात, लिनक्सच्या शेजारीच ठेवल्या.

आता दुसऱ्या बाजूने बघा. ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना डिस्कचे विभाग पाडले जातात आणि त्या विभागांची यादी डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहिली जाते. आजकाल त्यासाठी जीपीटी नावाची पद्धत वापरतात. डिस्क ५१२ बाइटच्या कप्प्यांत मोजतात. जीपीटी पहिले ३४ कप्पे घेते. एक कप्पा जुन्या पद्धतीच्या यादीसाठी राखून ठेवलेला, एक मथळ्याचा, आणि ३२ कप्पे म्हणजे १६ केबी यादीचे, ज्यात १२८ विभागांच्या नोंदी मावतात. एकूण १७ केबी. ऑलविनरचं फर्मवेअर कुठून सुरू होतं? ८ केबीपासून. म्हणजे यादी लिहिणाऱ्याने यादी लिहिली की तो थेट फर्मवेअरच्या घरावर लिहितो. त्याचा हेतू वाईट नसतो. तिथं कोणी राहतं हे त्याला ठाऊकच नसतं, कारण यादीत ते नाव कधी नव्हतंच.

हे मी बाबांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे एक-चौदात नाव नाही."

बाबा महसूल खात्यात तलाठी होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. महाराष्ट्रात सातबारा, तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, कब्जेदार कोण, कूळ कोण, इतर हक्क कोणाचे, हे सगळं त्यात. आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारं कुटुंब. पिढ्यान् पिढ्या तिथंच, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर. १९७५ साली गोव्यात मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि मुंडकारांची नोंदवही ठेवायची तरतूद त्यात आली.

बाबा म्हणाले, "माझ्या नोकरीत बघितलेली निम्मी भांडणं अशीच. विकणारा खोटं बोललेला नसायचा, घेणाऱ्याला अन्याय करायचा नसायचा. त्याने कागद बघितला, कागदावर घर नव्हतं. मग तो कुंपण घालायला आला की कळायचं, आत माणसं राहतायत. त्या घराची नोंद वेळेवर झाली असती तर कोर्टात वीस वर्षं गेली नसती."

माझं सगळं काम त्या दोन वाक्यांत आलं. वाटून राहण्यात धोका नाही, नोंद नसण्यात आहे.

हा घोळ फक्त छोट्या बोर्डांचा आहे असंही नाही. जुन्या डेस्कटॉपवर पहिला विभाग ६३ व्या कप्प्यापासून सुरू व्हायचा, त्यामुळे मधले बासष्ट कप्पे रिकामे राहायचे. लिनक्स सुरू करणारा ग्रब नावाचा बूटलोडर त्या मोकळ्या जागेत आपला एक भाग ठेवायचा. काही विंडोज सॉफ्टवेअर्सनीही आपली परवान्याची खूण लपवायला तीच जागा निवडली. मोकळी दिसते म्हणून दोघंही तिथं शिरले, आणि एक दिवस लिनक्स उघडेनासं व्हायचं. पुढे जीपीटी आली तेव्हा ग्रबसाठी यादीतच एक स्वतंत्र विभाग ठरवला गेला. म्हणजे उपाय काय निघाला? नोंद करा.

आता आमच्याकडची गोष्ट. फोंड्याजवळच्या एका गावच्या वाचनालयाला कुणीतरी सहा जुने टीव्ही बॉक्स दिले. छोटी काळी खोकी, आत जुनं अँड्रॉइड, ज्यावर आता धड एकही ॲप चालत नव्हतं. पण आतला प्रोसेसर ठीक होता. माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ठरवलं की यांच्यावर लिनक्स टाकायचं, जुने मॉनिटर जोडायचे आणि मुलांना मराठी टायपिंग, विकिपीडिया, थोडं प्रोग्रॅमिंग शिकता येईल असं करायचं. वाचनालयाकडे नवे कॉम्प्युटर घ्यायला पैसे नव्हते. ही सहा खोकी चालली तर वर्ग होणार, नाहीतर नाही, असा साधा हिशोब होता.

पहिल्या खोक्यावर त्याने मेमरी कार्डावरून लिनक्स चालवलं आणि आतल्या ईएमएमसीवर इन्स्टॉल करायला घेतलं. इन्स्टॉलरने विचारलं, पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करू? कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही व्हिडिओत इथं 'हो' म्हणतात. लॅपटॉपवर ते बरोबरच आहे. सगळं व्यवस्थित संपलं, कार्ड काढलं, खोकं चालू केलं आणि पडदा काळा. दिवासुद्धा लागला नाही. संध्याकाळी तो ते खोकं घेऊन आला. "मावशी, मी मारून टाकलं गं हे."

त्याची चूक नव्हती. इन्स्टॉलरने नवी जीपीटी लिहिली आणि ८ केबीवर राहणारं फर्मवेअर तिच्याखाली गेलं. इन्स्टॉलर लिहिणाऱ्याची तरी चूक म्हणावी का? त्याने यादी बघितली, यादीत फर्मवेअर नव्हतं.

नशीब एवढंच की खोक्यातली चिप ऑलविनरची होती. तिचा बूट रॉम ईएमएमसी बघायच्या आधी मेमरी कार्ड बघतो. आम्ही त्या चिपसाठीचं यू-बूट हे मुक्त फर्मवेअर एका कार्डावर बरोबर ८ केबीच्या जागी लिहिलं, कार्ड घातलं, आणि खोकं उठलं. असा दुसरा दरवाजा प्रत्येक उपकरणाला नसतो. नसेल तर वरचं झाकण उघडा, बोर्डावर तारा जोडा, नाहीतर भंगारात द्या, एवढंच उरतं. इंग्रजीत अशा उपकरणाला 'वीट' म्हणतात, ते अगदी खरं आहे.

उरलेली पाच खोकी करताना आम्ही क्रम बदलला. आधी प्रत्येक ईएमएमसीची पूर्ण नक्कल एका हार्ड डिस्कवर घेतली. मग यादीसाठी जीपीटीऐवजी जुनी एमबीआर पद्धत निवडली, कारण ती फक्त पहिला कप्पा घेते आणि ८ केबीला स्पर्श करत नाही. दुसराही एक मार्ग होता. जीपीटीची यादी आखूड करून १२८ ऐवजी ५६ नोंदींची करायची. मग ती चौदा कप्प्यांत मावते आणि सोळाव्या कप्प्याच्या आत संपते. पण काही साधनं अशी आखूड यादी दुरुस्त करायच्या नादात परत लांब करतात, म्हणून तो मार्ग सोडला. लिनक्सचा पहिला विभाग १ एमबीपासून पुढे ठेवला. आणि मुख्य म्हणजे फर्मवेअर जिथं राहतं त्या जागेची स्वतंत्र नोंद यादीत टाकली. पुढे कोणी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला येईल, तेव्हा त्याला दिसेल की इथं घर आहे.

ही कल्पना माझी नाही. आर्म कंपनीच्या पुढाकाराने 'एम्बेडेड बेस बूट रिक्वायरमेंट्स', थोडक्यात ईबीबीआर, नावाचा नियमांचा एक मसुदा तयार झाला आणि त्याची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये आली. बोर्ड बनवणारे, फर्मवेअर लिहिणारे आणि लिनक्स वाटणारे या सगळ्यांनी एकमेकांशी कसं वागायचं, याचा तो करार आहे. त्यातलं स्टोरेजचं प्रकरण वाचताना मला सोसायटीचे नियम वाचल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर फर्मवेअरला वेगळी जागा द्या. एकाच जागी राहायचं असेल तर विभागांची यादी ठेवा, शक्यतो जीपीटी, आणि चिपमुळे जमत नसेल तरच एमबीआर. फर्मवेअरच्या जागेवर संरक्षक नोंद टाका. आपोआप इन्स्टॉल करणाऱ्या साधनांनी पहिल्या १ एमबीमध्ये विभाग पाडू नयेत, आणि संरक्षक नोंदी पुसू नयेत, हलवू नयेत. माणूस स्वतः हाताने तसं करत असेल तर त्याला इशारा द्यावा. फर्मवेअर फाईलींच्या रूपात असेल तर ते सामायिक विभागातल्या 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरात ठेवावं, इकडेतिकडे पसरू नये. म्हणजे बंधन दोघांवरही आहे.

वेगळी जागा देण्याचे मार्गही हळूहळू रुळलेत. ईएमएमसी चिपमध्ये मुख्य जागेखेरीज दोन छोटे बूट विभाग मुळातच वेगळे असतात. डिस्क पूर्ण पुसली तरी त्यांना धक्का लागत नाही, आणि लिनक्स त्यांना सुरुवातीला कुलूप लावूनच ठेवतं. रास्पबेरी पायनेही २०१९ च्या चौथ्या मॉडेलपासून बूटलोडर बोर्डावरच्या एका ५१२ केबीच्या वेगळ्या चिपमध्ये नेला. स्वतंत्र दरवाजाचं छोटं घर मिळालं, तेही फार खर्च न करता.

एक प्रश्न मात्र नोंद केल्यानेही सुटत नाही. लॅपटॉपवर तुम्ही ऑपरेटिंग सिस्टिममधून "पुढच्या वेळी पेनड्राइव्हवरून सुरू हो" असं ठरवलं, तर फर्मवेअर ते आपल्या चिपमध्ये लिहून ठेवतं. सामायिक स्टोरेज असलेल्या बोर्डावर ते असं लिहू शकत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर स्टोरेजचा ताबा तिच्याकडे जातो. एका शेगडीवर दोघी एकाच वेळी भांडं ठेवू लागल्या तर सांडणारच. म्हणून ईबीबीआर फर्मवेअरला स्पष्ट "हे मला जमणार नाही" म्हणायची मुभा देतो. यू-बूट अशा गोष्टी सामायिक विभागातल्या एका फाईलीत ठेवू शकतं. आडवळणाचा उपाय आहे, पण प्रामाणिक आहे.

राऊटरबद्दल थोडं सांगते, कारण तो सगळ्यांकडे असतो. गोव्याचं त्याच्याशी नातंही आहे, डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय आमच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतच आहे. जुन्या साध्या राऊटरमध्ये जेमतेम ४ एमबीची चिप असायची. तेवढ्यात बूटलोडर, लिनक्स, तुमच्या सेटिंग्ज, आणि अनेक मॉडेल्समध्ये शेवटी ६४ केबीचा एक कोपरा. त्या कोपऱ्यात त्या एकाच राऊटरच्या रेडिओची मोजमापं असतात, जी कारखान्यात तो बनताना घेतलेली असतात. बाकी सगळं पुन्हा डाउनलोड करता येतं. तो कोपरा गेला तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राऊटरमधून आणूनही काम नीट होत नाही. जुन्या राऊटरला नवं आयुष्य देणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प २००४ पासून चालू आहे, आणि तो वापरणारी जाणती माणसं सगळ्यांत आधी त्या कोपऱ्याची नक्कल काढून ठेवतात.

तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, घरच्या जुन्या उपकरणांवर हात साफ करतात, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातलं थोडं. 'पूर्ण डिस्क पुसा' हे बटण लॅपटॉपवर ठीक, छोट्या बोर्डावर नाही. त्याआधी चिप कोणती आणि तिचा बूट रॉम कुठं बघतो, हे शोधा. आधी नक्कल, मग प्रयोग. मेमरी कार्डावरून सुरू होतं का हे बोर्ड धडधाकट असतानाच तपासून ठेवा. फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. आमच्याकडे पावसाळ्यात ती कधीही जाते, म्हणून मी बोर्ड इन्व्हर्टरवर लावल्याशिवाय अपडेटला हात घालत नाही. चांगली उपकरणं आता फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवतात, एक चालू आणि एक राखीव. तुमच्या उपकरणात तसं आहे का, हे विकत घेतानाच विचारा. आणि तुम्ही स्वतः कधी असं काही बनवाल, तेव्हा मागाहून येणाऱ्या माणसाला तुमच्या फर्मवेअरचं घर दिसेल अशी सोय करून ठेवा.

त्यामागे फक्त तंत्र नाही. उपकरण विकत घेतलं की ते आपलं झालं असं आपण समजतो. पण कंपनीने अपडेट बंद केले की ते निकामी होऊ लागतं, आतला प्रोसेसर अजून पाच-दहा वर्षं चालण्यासारखा असला तरी. त्याच्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येणं हाच त्या उपकरणाचा दुसरा जन्म, आणि तो सुखरूप होईल की नाही हे कित्येकदा त्या सुरुवातीच्या १ एमबीवर अवलंबून असतं. तिथं नोंद असेल तर कॉलेजचा एक मुलगा दुपारभरात काम करून जातो. नसेल तर उपकरण कचऱ्याच्या ढिगात जातं आणि आपण नवं घ्यायला दुकानात.

वाचनालयातली सहाही खोकी आता चालतात. शनिवारी दुपारी मुलांचा वर्ग भरतो. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला भाच्याने एक कागद चिकटवलाय. चिप कोणती, फर्मवेअर कुठून कुठपर्यंत, नक्कल कोणत्या हार्ड डिस्कवर. एका रविवारी बाबांना तिथं घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून एक झाकण उलटं केलं, कागद सावकाश वाचला आणि विचारलं, "तारीख कुठंय?" भाच्याने लगेच सहाही कागदांवर तारीख घातली.